ओळखीच्यालाच शिव्या

देशाच्या दक्षिणेला सायगाव, उत्तरेला हनोई, मधे थेट गाडी आहे, दीड दिवसात माणूस पोचतो. पण सुयेनने तिकीट काढलं ते तुकड्यातुकड्यांनी. आधी ह्वे, मग विन्ह आणि शेवटी हनोई. नवरा म्हणाला, "अगं, भाजी चिरल्यासारखं तिकीट काय काढतेस?" ती म्हणाली, "वाटेत मैत्रिणी आहेत, खाणं आहे. इतक्या वर्षांनी बाहेर पडतेय, जरा रमतगमत जाते." नवऱ्याने मान डोलावली आणि पेपरात डोकं घातलं.

खरी गोष्ट अशी की तिला हनोईला जायचंही होतं आणि पोचायचंही नव्हतं. हनोईत लुआ होती.

लुआ आणि सुयेन हनोईतल्या एकाच सूतगिरणीतल्या. गिरणीने माणसं कमी केली तेव्हा दोघी एकाच दिवशी घरी बसल्या आणि महिन्याभरात दोघींनी मिळून फुटपाथवर चूल मांडली. कोंबडीच्या रश्शातला फो. तांदळाच्या रुंद शेवया, वर कोंबडीचे तुकडे, त्यावर उकळता रस्सा. नऊ वर्षं दोघींनी एकाच चुलीचा धूर खाल्ला. मग सुयेनचं लग्न झालं, नवऱ्याची बदली सायगावला झाली, आणि सुयेन लुआला एका शब्दाने न सांगता निघून गेली. का? तर लुआची जीभ! ती जीभ सुटली की गिरणीतला मुकादमसुद्धा दोन पावलं मागे सरायचा. 'तिच्या शिव्या ऐकून घ्यायची माझ्यात ताकद नाही,' असं म्हणून ही बाई चोरासारखी गेली. आधी पत्र लिहायला धीर झाला नाही, मग उशीर झाला, आणि पुढे त्या उशिराचीच लाज वाटायला लागली. असं करता करता बावीस वर्षं गेली.

या हिवाळ्यात गिरणीतलीच एक जण वारली. सुयेनला दोन महिन्यांनी कळलं. उद्या लुआची बातमी अशीच उडतउडत आली तर? ती उठली आणि स्टेशनवर गेली.

तर पहिला मुक्काम ह्वे. तिथे हुओंग. ही पण गिरणीतलीच, पण गिरणी सुटल्यावर माहेरी परत आलेली. ह्वेची माणसं हळू बोलतात, हळू चालतात आणि तिखट मात्र असं खातात की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. हुओंग सुयेनला स्टेशनवरून घरी न नेता थेट नदीकाठच्या एका बाईकडे घेऊन गेली. चार बुटकी स्टुलं, एक टोपली, बस्स. त्या बाईने वाडग्यात गार भात घातला, त्यावर नखाएवढ्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, मांस, केळफुलाची चीर, कुरकुरीत डुकराची साल, शेंगदाणे, आणि वर चमचाभर मिरचीचा ठेचा. कढत पाणी वेगळ्या वाटीत, तिसऱ्या ज्यात उकडल्या तेच.

"एवढी मिरची?" सुयेन म्हणाली.

"का गं? सायगावात साखर खाऊन खाऊन जीभ लोळागोळा झाली वाटतं?" हुओंग अगदी गोड आवाजात म्हणाली. ह्वेची माणसं टोमणासुद्धा असा मारतात की तो साजूक तुपात तळलेला वाटावा.

सुयेनने घास घेतला. गार भात, गरम पाणी, आंबट, खारट, तिखट, आणि त्या एवढ्याशा तिसऱ्यांना नदीचा वास. नाक वाहायला लागलं, कान गरम झाले. तिने वाडगा पुढे केला, अजून एक दे म्हणून. विकणारी बाई हसली. तिचे दात सुपारीने काळे झाले होते आणि तरी ते हसू बघून घ्यावंसं वाटलं.

संध्याकाळी हुओंगने एका जुन्या घराच्या अंगणात नेलं. तिथे ताट नाहीच. तळहाताएवढ्या बशा. एकेका बशीत वाफवलेलं तांदळाचं पातळ पांढरं पीठ, वर वाळल्या कोळंबीचा चुरा. चमच्याने कडेने सोडवायचं आणि एका घासात गट्ट. घरची म्हातारी बशा आणत राहिली, या दोघी रिकाम्या करत राहिल्या. सुयेन काही खादाड नव्हे, पण त्या दिवशी तिने ताळतंत्र सोडलं. मुलीने बजावलं होतं की प्रत्येक ठिकाणचं काय आवडलं ते फोनवर एका ओळीत कळव. तिने कळवलं, "ह्वेला ताट नाही, बशा आहेत. माझ्यापुढे बुरूज झाला. लाज वाटली नाही."

"लुआकडे जाणार आहेस ना?" शेवटची बशी सरकवत हुओंगने विचारलं.

"बघू."

"बघू काय बघू? इतक्या लांबून काय माझ्याकडे बशा चाटायला आलीस? जा मुकाट्याने. नाही गेलीस तर पुढच्या वेळी माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." हे सुद्धा तिने हळूच म्हटलं. सुयेनला ते जास्त लागलं.

विन्हला होआत घ्यायला आला. होआत गिरणीतला फिटर, आता रिटायर, डोक्यावर केस नाहीत आणि तोंडाला कुलूप नाही. त्याच्या स्कूटरवर मागे बसून सुयेन वामीचा रस्सा खायला गेली. विन्हमध्ये दुसरं काही खाऊ नये, हे मी शपथेवर सांगतो. शेतातल्या चिखलातली सापासारखी बारीक वाम मासळी, हळदीत आणि कांद्यात परतलेली, तिचा लालभडक रस्सा आणि त्यात बुडवायला कडक पाव. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली धुरकट भिंती. मालकीण जाडजूड, घामाने निथळणारी, पण पातेल्यावर वाकली की मुलाला न्हाऊ घालावं तशी हलक्या हाताने ढवळायची. वामीचा एक तुकडासुद्धा मोडत नव्हता. सुयेन ते बघतच राहिली. हाताला अशी सवय एका दिवसात लागत नाही, हे तिला माहीत होतं.

"कशी आहे?" होआतने विचारलं.

सुयेनचं तोंड भरलेलं होतं. तिने अंगठा दाखवला. मुलीला लिहिलं, "वाम. घाम. पुन्हा वाम."

"मी दोन वर्षांपूर्वी लुआकडे गेलो होतो," होआत पाव मोडत म्हणाला. "आता मोठं दुकान आहे तिचं, आत बारा टेबलं, बाहेर रांग. बसलो, तर मला म्हणाली, 'आला टकल्या! गिरणीत एक मशीन धड दुरुस्त केलं नाहीस, आता माझं स्टूल मोडायला आलास का?' सगळ्या दुकानासमोर! काय सांगू तुला, मन भरून आलं माझं."

"शिव्या खाऊन मन भरून आलं?"

"अगं, तुला कळत नाही का? लुआ परक्या माणसाला शब्दाने बोलत नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की 'या, बसा, काय देऊ', एकदम साखरपेरणी. शिव्या फक्त ओळखीच्याला. लोक सहा सहा महिने रोज जातात, कधी एकदा आपल्याला शिवी पडते म्हणून. पडली की ऑफिसात जाऊन सांगतात. अख्ख्या हनोईला ठाऊक आहे हे."

सुयेन पावाचा तुकडा रश्शात बुडवून तसाच धरून बसली. पाव विरघळून खाली पडला.

"माझं नाव निघालं होतं?" तिने विचारलं.

होआतने टक्कल खाजवलं. "मी काढलं. म्हटलं, सुयेनचं काही कळलं का? तर ती गप्प झाली. लुआ गप्प झाली, सुयेन! मी घाबरलो. उठलो आणि निघालो." मग तिचा चेहरा बघून तो घाईघाईने म्हणाला, "पण जा तू. फार तर काय होईल? दोन शिव्या देईल."

"देऊ दे," सुयेन म्हणाली. "देऊ दे रे बाबा."

विन्हहून हनोईपर्यंत ती खिडकीशी बसून मनात वाक्यं जुळवत होती. 'लुआ, चुकलं माझं.' हे फार छोटं. 'लुआ, तेव्हा परिस्थिती अशी होती की…' हे खोटं, परिस्थिती काही नव्हती, भीती होती. शेवटी ठरवलं, काही बोलायचं नाही. मान खाली घालून उभं राहायचं आणि ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. बावीस वर्षं ज्या शिव्यांपासून पळाली, त्या शिव्यांना आता ती भुकेली झाली होती. माणूस असा उफराटा असतो.

ती संध्याकाळी पोचली, स्टेशनजवळ लॉजमध्ये राहिली आणि सकाळी सातला गल्लीत शिरली. रांग वळणापासूनच लागली होती. वास तर त्याच्याही आधीपासून. निखाऱ्यावर भाजलेलं आलं, भाजलेले छोटे कांदे, कोंबडीची चरबी. सुयेन रांगेत उभी राहिली, आणि पुढच्या डोक्यांमधून तिला लुआ दिसली.

केस पांढरे झाले होते. अंगाने सुटली होती. पण लाकडाच्या ओंडक्यावर सुरा तसाच पडत होता, टक टक टक टक, कोंबडी सुटी होत होती आणि कातडी कुठे फाटत नव्हती. एका हाताने तुकडे वाडग्यात, दुसऱ्याने लिंबाच्या पानाची केसाएवढी बारीक चीर, मग रस्सा. आणि या सगळ्यावर तोंड चालू.

"ए टायवाल्या! मोबाइल बुडव त्या वाडग्यात आणि तोच चघळ! माझा रस्सा गार होतोय."

"मावशी, साहेबांचा फोन आहे."

"साहेबाला म्हणावं, मावशीने बोलावलंय. त्याच्या पण कानाखाली काढते."

दुकान खदखदून हसलं. टायवाला सुद्धा. एक सडपातळ मुलगी म्हणाली, "मावशी, शेवया जरा कमी."

"कमी? मग आत कशाला आलीस, बाहेर उभी राहून नुसता वास घ्यायचा! लग्न तुझं पुढच्या महिन्यात ना? नवरा म्हणेल, बायको आणली की चॉपस्टिक आणली."

मुलगी लाजली आणि पूर्ण वाडगा घेऊन गेली. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना लुआ म्हणाली, "काका, काल आला नाहीत. मी समजले गेलात. आता मयताचं सामान परत करावं लागणार." काका बोळक्या तोंडाने इतके खूश झाले की विचारू नका. सुयेनच्या मनात आलं, काय बाई ही! एवढं मोठं दुकान, एवढी माणसं, आणि कोण काल आलं नाही हे हिला पाठ. तिला लुआचा अभिमान वाटला. नऊ वर्षं त्या ओंडक्याच्या दुसऱ्या बाजूला ती स्वतः उभी असायची.

तिचा नंबर आला. लुआने मान वर केली.

सुरा थांबला. अर्ध्या श्वासाएवढाच. लुआने ओळखलं होतं, यात शंकाच नाही. सुयेनने मान खाली घातली, खांदे आवळून घेतले, आता पडू दे म्हणून.

"या बाई," लुआ म्हणाली. "बसा ना. काय देऊ तुम्हाला?"

सुयेनला वाटलं, आपल्याला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"मांडीचा… एक वाडगा," ती कशीबशी म्हणाली.

"देते हं. तिथे पंख्याखाली बसा, मोकळी जागा आहे."

मागच्या टेबलावर कुणीतरी हलकेच म्हणालं, "नवीन दिसतायत." सुयेन पंख्याखाली जाऊन बसली. लुआ स्वतः वाडगा घेऊन आली. टेबल पुसलं. चॉपस्टिक आणि चमचा तिच्या पुढ्यात सरळ मांडला.

"गरम आहे हं, जपून."

"लुआ," सुयेनचा आवाज फाटला, "मी सुयेन."

"हो, ओळखलं की. बऱ्या आहात ना? घरची सगळी बरी? छान." आणि ती परत ओंडक्याकडे गेली. टक टक टक टक.

झालं. पुढे काय बोलणार? शिवीला उत्तर देता येतं, पाया पडता येतं. 'बऱ्या आहात ना'ला काय उत्तर द्यायचं? बावीस वर्षांचा हिशेब लुआने चार गोड शब्दांत मिटवून टाकला होता. तुम्ही कोण आमच्या, बाई? गिऱ्हाईक. खा आणि जा.

सुयेनने रस्सा तोंडाला लावला. तोच होता. स्वच्छ, पिवळसर, वर चरबीचे बारीक थेंब, आधी गोडवा, मग आल्याची ऊब पार छातीपर्यंत. तेव्हापेक्षा चांगला झाला होता, खरं सांगायचं तर. तिला काही सुधरेना. डोळे भरले, समोरचं धूसर झालं, आणि हात आपोआप टेबलावर काहीतरी चाचपू लागला. बावीस वर्षं सायगावात फो म्हटला की शेजारी एक थाळी असतेच, मोडाच्या मुगांची, रानतुळशीची, आणि काळ्या गोड चटणीची बाटली. हात ती थाळी शोधत होता. सापडली नाही. आणि सुयेन, जिने हा रस्सा स्वतःच्या हाताने जन्माला घातला होता, ती भरल्या डोळ्यांनी, कुठे बसलो आहोत याचं भान न ठेवता, मोठ्याने म्हणाली:

"जरा मोड आणि गोड चटणी मिळेल का?"

दुकान चिडीचूप. टायवाल्याची चॉपस्टिक हवेत राहिली. काकांनी डोळे मिटून घेतले. हनोईत फोमध्ये मोड मागणं हेच पाप, त्यात लुआच्या दुकानात, त्यात वर गोड चटणी!

सुरा ओंडक्यात खचकन रुतला.

"काय? काय म्हणालीस? परत बोल!"

सुयेनने तोंडावर हात ठेवला.

"मोड? मोड पाहिजेत तुला? गोड चटणी?" लुआ ओंडक्याला वळसा घालून आली, पदराला, म्हणजे त्या कळकट ॲप्रनला, हात पुसत. "अगं भवाने! आलं गॅसवर भाजायचं की निखाऱ्यावर, यावरून तू तीन दिवस माझ्याशी अबोला धरला होतास! निखारा, निखारा करून माझं डोकं खाल्लंस! आजपर्यंत मी निखाऱ्यावर भाजतेय, धुराने डोळे गेले माझे, कुणासाठी? आणि तू येऊन त्याच्यावर गोड चटणी ओतणार? लाज नाही वाटत? सायगावात जाऊन जीभ गहाण टाकलीस का गं?"

"चुकलं," सुयेन म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडू येत होतं.

"चुकलं म्हणे! काय काय चुकलं ते सांग! नववर्षाला तीन दिवस होते. चाळीस कोंबड्या उकडायच्या होत्या. 'उद्या लवकर येते' म्हणालीस ना मला? मी पहाटे तीनला दोन्ही चुली पेटवून बसले. साडेतीन झाले, चार झाले. म्हटलं आजारी पडली. तुझ्या घरी पळत गेले, तशीच, कोंबडीचं रक्त लागलेल्या हातांनी. तर शेजारीण म्हणते, ती काल रात्रीच गाडीने गेली! शेजारणीला माहीत, मला नाही! मेले, त्या दिवशी मी कोंबड्यांना शिव्या दिल्या, कारण तू नव्हतीस!"

आता दुकानात कुणी हसत नव्हतं. बाहेरच्या रांगेतली माणसं आत वाकून ऐकत होती.

"लग्न करून गेलीस त्याचं मला काही नाही. पोरी जातातच. पण सांगून का नाही गेलीस?"

"तू शिव्या देशील म्हणून," सुयेन म्हणाली. एवढंच खरं होतं, तिने तेवढंच सांगितलं.

"दिल्याच असत्या!" लुआ ओरडली. "सोडते की काय! अशा दिल्या असत्या की सायगावपर्यंत कान वाजत राहिले असते तुझे! आणि मग?" तिचा आवाज चिरकला. "मग कोंबडी उकडली असती, चिकट भाताचा डबा बांधला असता, आणि स्टेशनवर आले असते तुला पोचवायला. एवढंच तर होतं, मूर्ख बाई. शिव्या खाल्ल्या असत्यास तर डबाही मिळाला असता."

लुआने नाक ॲप्रनला पुसलं आणि वाडग्याकडे बोट केलं.

"खा ते. गार झालं तर डोक्यावर ओतीन. गाडी कधीची आहे तुझी?"

"उद्या सकाळी. नऊची."

लुआ वळली, रांगेकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका रे सगळे! उद्या दुकान बंद!"

एकच गलका झाला. "मावशी, असं कसं?" टायवाला उभाच राहिला. "तापाने फणफणलात तरी कधी बंद ठेवलं नाहीत. उद्या काय आहे?"

"माझी मैत्रीण चाललीये," लुआ म्हणाली. "तिला गाडीत बसवून यायचंय. बावीस वर्षं राहून गेलंय ते."

सुयेनने चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि भर दुकानात मोठ्याने हुंदका दिला. तिला कुणी गप्प केलं नाही.